पोटमाळे, तळघरे आणि हशा : ऑगस्टमधील एडिनबरा

स्टँडअप कॉमेडी मोबाइलच्या पडद्यावर पाहण्याची सवय झालेल्या माणसाने ती समोर बसून ऐकण्यासाठी एकदा तरी ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडची राजधानी गाठावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, एडिनबरा येथे पहिला आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था आपणहून तेथे दाखल झाल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी आपले प्रयोग लावले. या आगंतुकांच्या मेळाव्यातूनच आजचा 'फ्रिंज' महोत्सव उभा राहिला आहे. सुमारे साडेतीन आठवडे चालणाऱ्या या महोत्सवात ३,००० हून अधिक कार्यक्रम होतात आणि त्यांत विनोदाचा वाटा फार मोठा असतो. येथे निवड समिती नसते. जागा मिळवली, नोंदणीचे शुल्क भरले, की कोणीही उभे राहावे आणि लोकांना हसवून दाखवावे, एवढाच नियम.

सोबतीला आत्या होती. ती पुण्यातील एका बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाली आहे आणि कोणत्याही कार्यक्रमाला गेली की आधी सभागृहातील खुर्च्या मोजते. तिची ही सवय या प्रवासात फारच उपयोगी पडली. तिकिटे, व्हिसा आणि मुक्काम यांविषयी लिहिण्यासारखे विशेष काही घडले नाही. मात्र राहण्याची जागा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावी, हे आवर्जून सांगतो, कारण ऑगस्टमध्ये या शहरातील भाडी ऐकून पहिला विनोद तिथेच झाला असे वाटते. मध्यवर्ती भाग परवडत नसेल तर लीथ किंवा पोर्टोबेलोच्या बाजूला पाहावे. बसची सोय उत्तम आहे. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर शहराने ५ टक्के पर्यटक कर लावला आहे, तोही हिशेबात धरावा.

गुरुवार : रॉयल माईल

लंडनहून साडेचार तासांत रेल्वेने वेव्हर्ली स्थानक येते. हे स्थानक जुने शहर आणि नवे शहर यांच्यामधील खोलगट भागात असल्यामुळे बाहेर पडताक्षणी चढण सुरू होते, आणि नंतरचे सगळे दिवस ती संपत नाही. ऊन, वारा आणि पाऊस हे तिन्ही आम्हाला पहिल्या तासाभरातच भेटले. येथील वाऱ्यात छत्री उलटी होते. टोपी असलेले पावसाळी जाकीटच घ्यावे.

किल्ल्यापासून हॉलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रॉयल माईल हा रस्ता महोत्सवाच्या काळात जाहिरातीच्या पत्रकांचा बाजार होऊन जातो. येथे त्यांना 'फ्लायर' म्हणतात आणि ती वाटणाऱ्यांत पगारी मुले असतात, तसे स्वतः कलाकारही असतात. रात्री वर्तमानपत्रात परीक्षण आले, की सकाळी त्यातील तारे कागदाच्या पट्टीवर छापून पत्रकावर स्टेपल केले जातात. मँचेस्टरहून आलेल्या एका तरुणाने आमच्या हातात ठेवलेल्या पत्रकावर अशीच एक तिरकी पट्टी होती. तिच्यावर अवतरणचिन्हांत एकच शब्द होता, 'विनोदी', आणि त्याआधी तीन टिंबे.

आत्याने चष्मा वर सरकवून विचारले, "या टिंबांच्या जागी काय होतं?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "'कधी कधी'."

या उत्तरावर आम्ही त्याची दोन तिकिटे तिथल्या तिथे काढली. पत्रक वाटणाऱ्याशी दोन मिनिटे बोलून घ्यावे, हा माझा सल्ला आहे. जो रस्त्यावर, पावसात, पाचशेव्या अनोळखी माणसाशी बोलतानाही ताजा वाटतो, तो बंद खोलीत बहुधा कंटाळवाणा नसतो. तारे मात्र फारसे मनावर घेऊ नयेत. ते कोणी दिले आहेत ते बारीक अक्षरांत असते, आणि ते नाव बहुतेक वेळा आपण कधी ऐकलेले नसते.

संध्याकाळी आम्ही प्लेझन्स कोर्टयार्ड या जुन्या, दगडी फरसबंदीच्या अंगणात गेलो. असेंब्ली, गिल्डेड बलून, प्लेझन्स आणि अंडरबेली या चार मोठ्या आयोजकांपैकी हा एक. अंगणात लाकडी बाके, बिअरचे प्लास्टिकचे पेले आणि ज्याच्या त्याच्या तोंडी आज काय पाहिले याचीच चर्चा. भोवतीच्या इमारतींतील प्रत्येक मोकळ्या कोपऱ्याचे नाट्यगृह झालेले असते. आम्ही निवडलेला एका विनोदवीर बाईंचा कार्यक्रम पोटमाळ्यावर होता. उतरत्या छताखाली आत्याच्या मोजणीप्रमाणे बावन्न खुर्च्या, एक माईक, मागे काळा पडदा आणि असह्य उकाडा. बाहेर सोळा अंश तापमान असताना आत आम्ही पत्रकाने वारा घेत होतो.

येथील कार्यक्रम तासाभराचे असतात, आणि तास म्हणजे प्रत्यक्षात पंचावन्न मिनिटे, कारण लगेच त्याच खोलीत पुढच्याचा प्रयोग लागायचा असतो. उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. त्यामुळे दोन कार्यक्रमांमध्ये किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे आणि नकाशावरील अंतरावर विश्वास ठेवू नये, कारण नकाशात जिने दिसत नाहीत.

त्या बाईंचा कार्यक्रम वडिलांच्या आजारपणावर होता. पहिली पस्तीस-चाळीस मिनिटे रुग्णालयातील फॉर्म, डॉक्टरांची नावे विसरणारे वडील, पार्किंगचे पैसे यांवर खोली अक्षरशः हिंदकळत होती, आणि मग एका वाक्यासरशी सगळे शांत झाले. फ्रिंजमध्ये ही रचना इतकी रुळली आहे, की जाणकार मंडळी अशा प्रयोगांना 'डेड डॅड शो' म्हणून चिडवतात आणि चाळिसाव्या मिनिटाला रडायची तयारी ठेवा, असे एकमेकांना बजावतात. क्लबमधील वीस मिनिटांच्या सादरीकरणात हे शक्य नसते. तिथे हशा किती वेळा आला एवढाच हिशेब असतो. तासभर मिळाला की विनोदवीराला काहीतरी सांगावेसे वाटू लागते, आणि त्यातील काहींना ते साधते. या बाईंना साधले, याचे कारण त्या वाक्यानंतर त्या घाईने पुढच्या विनोदाकडे पळाल्या नाहीत. दीड हातावर बसलेल्या माणसाचा श्वास त्यांना ऐकू येत असणार.

रात्री चिप्सच्या दुकानात "सॉल्ट अँड सॉस?" असा प्रश्न आला. एडिनबराची ही खासियत आहे. तपकिरी रंगाचा आंबट सॉस व्हिनेगरने पातळ करून गरम चिप्सवर शिंपडतात आणि कागदाची पुडी तळाशी ओली होईपर्यंत रस्त्यावर उभ्यानेच खातात. आत्याला तो चिंचेच्या चटणीच्या दूरच्या नात्यातला वाटला. सकाळसाठी तिने शाकाहारी हॅगिसचा शोधही लावून ठेवला होता. ओट, डाळी आणि मिऱ्यांचा तो तिखटसर गोळा शाकाहारी माणसाला येथे मोठाच आधार आहे.

शुक्रवार : बादलीची अर्थनीती

हा सबंध दिवस आम्ही फुकट कार्यक्रमांना दिला. फुकट म्हणजे तिकीट नाही. शेवटी दाराशी बादली असते आणि ज्याला जेवढे वाटेल तेवढे त्याने टाकायचे. ही पद्धत पीटर बकली हिल या विनोदवीराने १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'फ्री फ्रिंज'मुळे रुजली. तिच्यामागे एक साधी तक्रार होती. मोठ्या ठिकाणी कलाकाराला जागेचे भाडे, नोंदणी, जाहिरात आणि महिनाभराचा मुक्काम हे सगळे स्वतःच्या खिशातून भागवावे लागते, आणि प्रयोग बरे चालूनही अनेक जण कर्ज घेऊन घरी परततात. फुकट पद्धतीत पबमालक आपली मागची खोली भाड्याशिवाय देतो, कारण प्रेक्षक पेय विकत घेतात. बादली मात्र पूर्णपणे कलाकाराची असते. पुढे 'लाफिंग हॉर्स'सारख्या इतर मंडळींनीही हाच मार्ग धरला.

साउथ ब्रिज हा अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला पूल एकोणीस कमानींचा आहे, पण पूल म्हणून त्यातील एकच कमान नजरेस पडते. बाकीच्या इमारतींच्या पोटात दडल्या आहेत. त्यांच्या आतील तळघरे, खालच्या अंगाने जाणारी काउगेट ही गल्ली आणि आजूबाजूचे पब मिळून विनोदाचे जणू भूमिगत नगर तयार झाले आहे. निड्री स्ट्रीटवरील 'बॅन्शी लॅबिरिंथ' हा पब स्वतःला स्कॉटलंडमधील सर्वांत झपाटलेला पब म्हणवून घेतो. तिथल्या वाटा इतक्या वळणावळणाच्या आहेत, की कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडण्याऐवजी आपण दुसऱ्याच कार्यक्रमाच्या रांगेत उभे राहू शकतो.

दुपारी जोराची सर आली म्हणून आम्ही जवळच्या एका पबच्या तळघरात शिरलो. दगडी भिंती ओलसर होत्या, छत हाताला लागेल इतके खाली होते आणि प्रेक्षक पंचवीसच्या आत. मागून ऐकू येत नाही म्हणून आत्या थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. पहिल्या रांगेत बसणे म्हणजे संभाषणाला संमती देणे, हे येथे सगळ्यांना ठाऊक असते. तिला ते सांगायला मला वेळ मिळाला नाही. चाळिशीचा, विस्कटलेल्या केसांचा विनोदवीर माईक हातात घेताच तिच्याकडे वळला.

"तुम्ही कुठून आलात?"

"पुण्याहून. भारतातून."

"इतक्या लांबून? मला बघायला?"

"नाही," आत्या म्हणाली, "बाहेर पाऊस लागला म्हणून आत आलो."

खोली कोसळली. त्या माणसाचे कौतुक असे, की त्याने ते वाक्य सोडून दिले नाही. पुढील तासभर एखादा विनोद जमला की तो आत्याकडे वळून विचारी, "थांबला का?" आणि एखादा फसला की दाराकडे पाहून पुटपुटे, "अजून पडतोच आहे." घटस्फोटावरील त्याचा तयार मजकूर बेताचाच होता, आणि त्यातले निम्मे संदर्भ ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील असल्यामुळे आम्हाला लागलेही नाहीत. पण हा पावसाचा धागा त्या दुपारी, त्या माणसांसमोरच जन्माला आला होता. दुसऱ्या दिवशी तिथे आलेल्यांना तो मिळाला नसणार. फोनवर दिसणाऱ्या तुकड्यांत अशी 'क्राउड वर्क'ची, म्हणजे प्रेक्षकांशी आयत्या वेळी रंगलेल्या संवादाची, रत्ने वेचून दाखवलेली असतात, परंतु ती रुजण्याआधीची चाचपडणारी दहा मिनिटे कापलेली असतात. आणि माझ्या मते खरी गंमत त्या दहा मिनिटांतच असते. दोन विनोद पडल्यावर त्याने मागच्या खिशातून छोटी वही काढली, सर्वांसमोर त्यावर काट मारली आणि पेन्सिल कानावर ठेवून पुढे बोलू लागला.

शेवटची तीन मिनिटे बादलीच्या भाषणाची. ही एक स्वतंत्र कलाच आहे. लाज न वाटू देता, पण लाज वाटते आहे असे दाखवत पैसे मागायचे. सिनेमाच्या तिकिटाला किती देता, बाहेर एका बिअरला किती पडतात, याची आठवण करून द्यायची आणि शेवटी कार्डाचे यंत्र उंच धरायचे, म्हणजे 'सुटे नाहीत' ही पळवाट बंद. आत्या दारापाशी जरा रेंगाळली. जिना चढताना तिने हिशेब सांगितला : "वीसची एक, दहाच्या चार, पाचच्या असतील सात-आठ, खाली नाणी. कार्डाचे वेगळे. शंभर पौंड सुटले असतील. पण हा महिनाभर राहतोय कुठे?" तिने स्वतः दहाची नोट टाकली होती आणि वर, त्याच्या वहीसाठी, पिशवीतले एक बॉलपेन.

बादलीत माणशी निदान पाच पौंड टाकावेत आणि त्यासाठी थोड्या नोटा जवळ ठेवाव्यात. कार्यक्रम अर्धवट सोडून जायचे असेल तर फुकट कार्यक्रमातही कोपऱ्यातील जागा धरावी, कारण पंचवीस माणसांच्या खोलीतून एक माणूस उठून जाणे हे विनोदवीराला, आणि खरे तर सगळ्यांनाच, लागते. काही ठिकाणी आता मिश्र पद्धतही आली आहे. थोडे पैसे आगाऊ देऊन जागा राखून ठेवता येते आणि उरलेल्या जागांसाठी नंतर मनाला येईल ते द्यायचे असते. ब्लेअर स्ट्रीटवरचा 'मंकी बॅरल' हा बारमाही कॉमेडी क्लब महोत्सवात अवश्य डोकवावा असा आहे. आम्ही तिथे संध्याकाळी गेलो, उभे राहूनच ऐकले आणि खूप हसलो. ते विनोद येथे लिहून काढले तर ते मरतील.

शनिवार : पारितोषिके आणि मोठा घुमट

दुपारचे जेवण निकल्सन स्क्वेअरजवळच्या 'मॉस्क किचन'मध्ये झाले. भात, डाळ, भाजी, तीही मुकाट्याने भरपूर वाढलेली. महोत्सवातील कलाकारही तिथे बरेच दिसतात, आणि ज्याला काल रंगमंचावर पाहिले तो आज आपल्या शेजारी डाळ ओरपताना दिसतो.

महोत्सवाच्या अखेरच्या दिवसांत एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्सची चर्चा सर्वत्र असते. १९८१ मध्ये 'पेरिए' या नावाने हे पारितोषिक सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी ते केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या ज्या चमूला मिळाले, त्यात स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्पसन होते. भारतीय प्रेक्षकाला २०२३ हे वर्ष विशेष लक्षात राहावे असे आहे. त्या वर्षी मुंबईच्या उरूज अश्फाकने पदार्पणातील सर्वोत्तम कार्यक्रमाचे पारितोषिक जिंकले, आणि मुख्य पारितोषिक अहिर शाह या ब्रिटिश विनोदवीराला भारतातून इंग्लंडला आलेल्या आपल्या आजोबांवर आधारलेल्या कार्यक्रमासाठी मिळाले. रांगेतील एका स्कॉटिश आजींना आम्ही भारतीय आहोत हे कळताच त्यांनी उरूजचे नाव घेतले. तिचा कार्यक्रम त्यांनी पाहिला होता आणि तिच्या संदर्भांतले सगळेच कळले नाही तरी काही अडले नाही, असे त्या म्हणाल्या. आम्हाला नेमका उलट अनुभव येत होता, म्हणून मला हे ऐकून बरे वाटले.

रात्री दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका मोठ्या नावाचा कार्यक्रम विद्यापीठाच्या घुमटाकार सभागृहात पाहिला. आत्या खुर्च्या मोजू लागली आणि दुसऱ्या सज्जापाशी तिने नाद सोडला. मजकूर चोख होता, एकही विनोद वाया गेला नाही. तरीही मी बाहेर आलो तो काहीसा कोरडाच. हजार माणसांचा हशा वर घुमटात जाऊन परत येईपर्यंत बोलणाऱ्याला थांबावे लागत होते, आणि या थांबण्याची त्याला इतकी सवय होती, की हशा आला नसता तरी तो तेवढाच थांबला असता, अशी शंका मला येत राहिली. महागडे तिकीट, दूरवरचा ठिपका आणि बाजूच्या पडद्यावर मोठा केलेला चेहरा, हे सगळे घरीही मिळते. फ्रिंजला जाणाऱ्याने नावापेक्षा खोली निवडावी, या मताला मी त्या रात्री आलो. ज्या खोलीत विनोद फसू शकतो, त्या खोलीत बसावे. पन्नास ते शंभर खुर्च्यांची खोली सर्वांत उत्तम. वीसच्या खाली गेले की प्रेक्षकांवरच दडपण येते.

आत्याला मुक्कामी सोडून मी मध्यरात्रीच्या एका मिश्र कार्यक्रमाला गेलो. यात एक सूत्रसंचालक आणि चार-पाच विनोदवीर आपापल्या प्रयोगांतील दहा-दहा मिनिटे करतात. कोणाचा पूर्ण कार्यक्रम पाहावा हे ठरवण्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही. मात्र शनिवारी मध्यरात्री प्रेक्षक बरेच प्यालेले असतात. एक गृहस्थ प्रत्येक वाक्याला खालून ओरडत होते. दोघा विनोदवीरांनी त्यांना उत्तरे दिली, टाळ्या घेतल्या, आणि त्यामुळे गृहस्थ अधिकच चेकाळले. तिसरी आली ती एक शांत आवाजाची आयरिश मुलगी. तिने माईक स्टँडवरून काढला, खाली उतरली, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि आपला सगळा मजकूर त्यांच्याकडे पाहत, हलक्या आवाजात, घरगुती गप्पा मारल्यासारखा सांगितला. दुसऱ्या मिनिटाला त्यांचा आवाज बंद झाला आणि सहाव्या मिनिटाला ते डोळे पुसत हसत होते. आमच्या तमाशाच्या फडावर शिट्ट्या मारणाऱ्याला सोंगाड्या जसा बतावणीत ओढून घेतो, त्याच जातीचे हे कसब होते.

रविवार : थोडी मोकळी हवा

सकाळी आर्थर्स सीट हा २५१ मीटर उंचीचा डोंगर चढलो. सह्याद्रीत फिरणाऱ्याला तो टेकडीच वाटेल, पण माथ्यावरचा वारा खरोखर ढकलून देतो. समुद्रावरून आलेल्या धुक्याने, ज्याला येथे 'हार' म्हणतात, अर्धे शहर पुसले गेले होते. रोज तीनपेक्षा जास्त कार्यक्रम पाहू नयेत आणि मध्ये अशी एक सकाळ राखावी. चौथ्या कार्यक्रमाला माणूस हसत नाही, नुसता मान हलवतो.

सोमवार : शेवटचा प्रयोग

महोत्सवाचा शेवटचा दिवस पाहायला मिळावा म्हणूनच आम्ही तारखा तशा ठरवल्या होत्या. पहिल्या दिवसांत पूर्वप्रयोग स्वस्त असतात, पहिल्या सोमवारी-मंगळवारी एका तिकिटावर दोघांना प्रवेशही मिळतो, आणि पैसे वाचवायचे असतील तर तेव्हाच यावे. शेवटच्या दिवशी सवलत नसते, पण कलाकारांचा बांध फुटलेला असतो.

आम्ही रॉयल माईलवर भेटलेल्या त्या मँचेस्टरच्या मुलाची तिकिटे शेवटच्या दुपारची होती. त्याचा आवाज बसला होता. तीन आठवडे रोज तेच वाक्य बोलून त्याला स्वतःच्याच विनोदांचा वीट आला होता, आणि हे त्याने पहिल्याच मिनिटाला कबूल केले. मग त्याने एक युक्ती केली. विनोद सांगायचा आणि लगेच तो पहिल्या आठवड्यात कसा होता, कोणता शब्द बदलला, कोणत्या दिवशी कोणी हसले नाही, हेही सांगायचे. दुकानदारावरील त्याच्या एका विनोदात आधी 'काकडी' होती, ती दहाव्या दिवशी 'बीट' झाली आणि तेव्हापासून हशा दुप्पट झाला, का ते त्यालाही माहीत नव्हते. विनोद उलगडून सांगितला की मरतो, असे म्हणतात. इथे तर पोट दुखेपर्यंत हसू आले. बाहेर पडताना आत्याने त्याला ओळख दिली. तो म्हणाला, "मग? कधी कधी?" आत्या म्हणाली, "नेहमी नाही. पण आज हो."

संध्याकाळपर्यंत अंगणातील बाके एकावर एक रचली जाऊ लागली होती आणि माणसे खांबांवरील भित्तिपत्रके पट्ट्यापट्ट्यांनी सोलून काढत होती. एकाखाली एक चिकटवलेली इतकी पत्रके होती, की तो थर वहीच्या पुठ्ठ्याएवढा जाड झाला होता.

पुढचा सोमवार : यॉर्क प्लेस

मधला आठवडा आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेत डोंगर आणि तळी पाहण्यात घालवला, त्याविषयी पुन्हा कधीतरी. परतीच्या आधी एक रात्र एडिनबरात होती आणि ती मुद्दाम सोमवारी धरली होती, कारण यॉर्क प्लेसवरील तळघरात असलेल्या 'द स्टँड' या क्लबात सोमवारी 'रेड रॉ' नावाचा नवख्यांचा कार्यक्रम होतो. १९९५ मध्ये सुरू झालेला हा क्लब महोत्सव असो वा नसो, वर्षभर चालतो. तिकीट मोजक्या पौंडांचे असते, जागा ठरलेल्या नसतात, म्हणून दार उघडण्यापूर्वी रांगेत उभे राहावे. कार्यक्रमादरम्यान आपापसांत बोललेले येथे खपवून घेत नाहीत, आणि हे मला फार आवडले.

रांगेत आता पर्यटक नव्हते. कार्यालयातून परस्पर आलेली मंडळी, विद्यार्थी, वाढदिवस साजरा करणारे एक टोळके. मंच कोपऱ्यात, अगदी छोटा. सूत्रसंचालिकेने आधी प्रेक्षकांना एकत्र टाळ्या वाजवायला, एकत्र ओरडायला लावून खोली तापवली. हे काम दिसते त्याहून कठीण आहे, आणि मुंबई-पुण्याच्या ओपन माईकला ते अनेकदा उरकले जाते, त्यामुळे पहिल्या तिघा बिचाऱ्यांचा बळी जातो. मग नवखे पाच-पाच मिनिटांसाठी येऊ लागले आणि त्यांच्या अधूनमधून एखादा मुरलेला गडी आपला नवा मजकूर तपासायला.

एक दाढीवाला, बहुधा पन्नाशीचा माणूस कागद घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहतो आहे, असे सूत्रसंचालिकेने सांगितले होते. त्याचा कागद थरथरत होता आणि माईकमधून ती थरथर ऐकू येत होती. तो बसचालक होता. पहिले दोन विनोद कोणाला कळले नाहीत. आम्हाला तर त्याचे स्कॉटिश उच्चारच कळत नव्हते. मग त्याने कागद खाली ठेवला आणि ऑगस्टमध्ये बसमध्ये चढणारे लोक सांगू लागला : जोकराच्या वेषातला मुलगा तिकिटासाठी नाकातून नाणे काढतो, पत्रक वाटणारी मुलगी चालकालाच पत्रक देते आणि थांबा निघून जातो, आणि वीसची नोट पुढे करणाऱ्या पाहुण्यांना, या शहरातील बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, हे तो महिनाभर सांगतो. सगळी खोली या शहराची होती आणि सगळ्यांनी तो महिना सोसला होता. हशाचा आवाज महोत्सवातील कोणत्याही रात्रीपेक्षा वेगळा होता. त्यात 'अगदी, अगदी' असा होकार मिसळलेला होता. पाच मिनिटे झाल्याचा दिवा लागला तो त्याला दिसलाच नाही. सूत्रसंचालिका मंचाच्या कडेला येऊन हसत उभी राहिली, तरी तो बोलतच राहिला.

मध्यंतरात तो बारपाशी एकटा उभा होता. आत्याने जाऊन त्याला विचारले, की कागदावर आणखी काय लिहिले होते. त्याने तो उलगडून दाखवला. घडीवर घडी पडलेला, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेला. आत्याने तो शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी बोट ठेवले आणि म्हणाली, "हे ठेवा. बाकीचं बसमधलंच सांगा." त्याने बारवरची पेन्सिल उचलून त्या दोन ओळींभोवती चौकट काढली आणि येत्या महिन्यात पुन्हा नाव नोंदवणार असल्याचे सांगितले. परत जाताना आम्ही सुटे पैसे मोजून हातात धरूनच बसची वाट पाहिली.